नवं सील, जुनी गळती

भोसरीतल्या एका शेडमध्ये माझ्या मित्राचा शक्तिमान उभा असतो. लष्कराच्या लिलावातून निघालेला, मधे दोन मालक झालेला. मॅन या जर्मन कंपनीच्या परवान्यावर जबलपूरला १९५९पासून हे ट्रक बनू लागले आणि १९९६पर्यंत बनत राहिले. इंजिन ठणठणीत आहे. तक्रार एकच : पुढच्या डाव्या चाकाच्या आतल्या अंगाने काळं तेल ओघळतं. मित्राने नाना पेठेतून ऑइल सील, म्हणजे तेल अडवणारी रबरी कडी, आणून बसवली. पंधरा दिवसांत पुन्हा ओघळ. मग जरा महागातलं सील आणलं. तेही गळलं. ‘हल्ली सगळा माल डुप्लिकेट येतो,’ असं म्हणून तो मोकळा झाला.

तिसऱ्या सीलच्या आधी त्याने एका काकांना बोलावलं. आयुष्य लष्करी गाड्या उघडण्यात गेलेले, आता निवृत्त. काकांनी सीलकडे पाहिलंच नाही. ‘ब्रीदर कुठाय?’ एवढंच विचारलं.

हा प्रश्न कळायला पुढच्या एक्सलच्या पोटात काय चालतं ते आधी पाहावं लागेल. चारही चाकं ओढणाऱ्या ट्रकमध्ये पुढच्या चाकाला दोन कामं असतात : इंजिनाची ताकद घेऊन फिरायचं आणि स्टिअरिंगबरोबर वळायचंही. वळणाऱ्या जागी साधा क्रॉसचा जॉइंट लावला, तर ३० अंशांच्या कोनात चाकाचा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा सुमारे १३ टक्के घटतो आणि दोनदा सुमारे १५ टक्के वाढतो. ट्रक हिसके देत चालेल. म्हणून अनेक लष्करी ट्रकांत तिथे गोळ्यांचा, वेग एकसारखा ठेवणारा जॉइंट असतो. आल्फ्रेड र्झेप्पा या फोर्ड कंपनीतल्या इंजिनिअरने १९२०च्या दशकात काढलेली ही युक्ती आजही जवळजवळ प्रत्येक छोट्या कारच्या पुढच्या चाकांत आहे. जॉइंटला घट्ट ग्रीस लागतं. त्याच्या आतल्या बाजूला, एक्सलच्या नळीत, दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या डिफरन्शिअलचं ९० नंबरचं गिअर ऑइल असतं. या दोघांमध्ये एकच पहारेकरी : आतलं ऑइल सील.

तो हरला की तेल ग्रीसमध्ये शिरून त्याचं पातळ कालवण करतं. जॉइंटभोवतीचा वळणारा पोकळ भाग, म्हणजे नकल, भरतो आणि त्याच्या रबरी आवरणाच्या कडेने ओघळ सुटतो. इथवर फक्त घाण. पण तेच तेल पुढे हबमधून ब्रेकच्या ड्रममध्ये उतरलं आणि तिथल्या घासणाऱ्या पट्टीला, म्हणजे लायनरला, लागलं, तर तेवढं चाक ब्रेक धरत नाही आणि कित्येक टनांचा ट्रक दुसऱ्या बाजूला ओढला जातो. कात्रजच्या उतारावर हे कळणं परवडत नाही.

आता सील. आपल्या डोक्यात सील म्हणजे बाटलीचं बूच : घट्ट बसलं की काम झालं. चाकाला ताकद नेणाऱ्या फिरत्या दांड्यावर, म्हणजे शाफ्टवर, बूच चालत नाही. रबर कोरडं घासलं तर थोड्याच वेळात जळेल. ई. टी. जॅगर यांनी १९५७ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दाखवलं की, सीलचा ओठ, म्हणजे शाफ्टकडची रबरी कड, आणि फिरता शाफ्ट यांच्यामध्ये तेलाचा एक अतिशय पातळ थर असतो. म्हणजे ओठ टेकलेला नसतो, तेलावर तरंगत असतो. मग ते तेल बाहेर का येत नाही?

मला सगळ्यात आवडणारा भाग हाच. सीलचा ओठ दोन्ही बाजूंनी सारखा नसतो. तेलाकडचा उतार उभा असतो, हवेकडचा पसरट. सुरुवातीच्या काही तासांत ओठाची कड किंचित झिजते आणि तिच्यावर डोळ्यांना न दिसणारे उंचवटे तयार होतात. शाफ्ट फिरताना हे उंचवटे तिरके ओढले जातात आणि पंख्याच्या पात्यांसारखे थरातलं तेल आत ढकलू लागतात. उतार असमान असल्यामुळे आत ढकलणारी बाजू जिंकते. चांगलं सील तेल नुसतं अडवत नाही, चुकून बाहेर निघालेला थेंब परत आत ओढतं. तो एक चिमुकला पंप आहे. म्हणूनच सील उलटं बसवलं तर ते निष्ठेने तेल बाहेर काढतं, आणि हा प्रकार मी एकदा नव्हे, दोनदा पाहिला आहे.

या पंपाची ताकद मात्र फार नाही, आणि ब्रीदरचा संबंध इथे येतो. एक्सलची नळी बंद, आत तेल आणि हवा. सकाळी २७ अंशांना निघालेला ट्रक धावून तापला आणि आतली हवा ८७ अंशांवर गेली, तर शास्त्राच्या मोजमापात ते ३००वरून ३६० केल्विन. हवेला बाहेर पडायला वाट नसेल, तर दाब तेवढ्याच प्रमाणात, म्हणजे २० टक्क्यांनी वाढतो. पुण्याच्या उंचीवर हा जादा दाब चौरस सेंटिमीटरला १९०-एक ग्रॅम होतो. साध्या ओठाच्या सीलला एवढं रेटणं सततचं नको असतं. ओठ शाफ्टवर जास्त दाबला जातो, तापतो, झिजतो. हवा जायला नळीवर एक छोटं टोपण असतं, तेच ब्रीदर. लष्करी गाड्यांचं खास दुखणं असं की, त्यांना पुन्हापुन्हा रंग मारला जातो, आणि रंगवणाऱ्याला ब्रीदर आणि बोल्ट सारखेच.

उलटंही घडतं. तापलेली नळी ओढ्यात बुडाली की आतली हवा आकसते, पोकळी पाणी शोषून घेते आणि तेल दुधाळ चहासारखं होतं. अशा चहात बेअरिंगं फार टिकत नाहीत.

काकांनी ब्रीदर खरवडलं. तीन थर हिरवा रंग, त्याखाली चिखल. मित्राला वाटलं, झालं काम. काका म्हणाले, ‘आता शाफ्ट काढा.’

पुढचं काम अंगमेहनतीचं आहे, त्यात शास्त्र थोडं. मागच्या चाकांना ओट, म्हणजे अडवणाऱ्या पाचरी, पुढचा भाग लोखंडी घोड्यांवर. नुसत्या जॅकवर कधीच नाही. ड्रम उघडल्यावर आतली धूळ हवेने उडवायची नाही, कारण जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसायचं. मग हब, तो ज्यावर फिरतो ते पोकळ स्पिंडल आणि शेवटी लांब शाफ्ट सरळ बाहेर.

शाफ्टवर सील घासतं त्या जागी नख फिरवलं, तर अडकलं. वर्षानुवर्षं एकाच रेषेवर बसून ओठाने पोलादात चर पाडली होती. रबराने पोलाद कापलं, हे ऐकायला विचित्र वाटतं. पण ओठाखाली अडकलेली धूळ पॉलिश पेपरचं काम करते. शिवाय ट्रक वर्षभर हलला नाही, तर नेमक्या त्याच रेषेवर गंज धरतो. अशा चरीवर नवं सील म्हणजे खड्ड्यावर नवा टायर.

दुसरं कारण स्पिंडलमधल्या बुशमध्ये, म्हणजे शाफ्टला आधार देणाऱ्या धातूच्या कड्यात, निघालं. या शाफ्टला सीलजवळ बेअरिंगचा आधार नाही. आतून दातेऱ्यांचा आणि बाहेरून बुशचा. बुश झिजलं की शाफ्ट लोंबतो आणि ओठ एका बाजूला चेपून दुसऱ्या बाजूला सुटतो. सील नवं असताना मऊ रबर शाफ्टच्या मागे मागे जातं. तेलात तापून कडक झालं की जात नाही. नवं सील आधी पंधरा दिवस चाललं आणि मग गळलं, ते यामुळे.

वेगाला दोष देण्यात अर्थ नव्हता. चाकाचा घेर ३.२ मीटर धरला, तर ताशी ६० किलोमीटरला एक्सल मिनिटाला जेमतेम ३१२ फेरे मारतो. सीलला हे काहीच नाही.

बुश टर्नरकडून नवं करून घेतलं. चरीसाठी पातळ पोलादी बाही चढवता येते, पण काकांनी स्वस्तातला मार्ग धरला : सील दोन मिलिमीटर जास्त खोल बसवलं, म्हणजे ओठ चरीशेजारच्या कोऱ्या पोलादावर आला. ओठात ग्रीस भरलं, शाफ्टच्या दातेऱ्यांवर चिकटपट्टी गुंडाळली, कारण त्या धारेने नवा ओठ आत जातानाच फाटतो. सील हातोड्याने कोपऱ्यावर ठोकलं नाही, मापाच्या पाइपाच्या तुकड्याने सगळीकडून सारखं दाबलं. तेल भरताना लेव्हलच्या भोकापर्यंतच. मित्राने आधी ‘थोडं जास्त बरं’ म्हणून वरपर्यंत भरलं होतं.

नंतर ट्रक सासवडला जाऊन आला. उजव्या बाजूचं सील जुनंच आहे. ते गळत नाही, म्हणून काकांनी त्याला हात लावू दिला नाही.