अल्कोहोल व फिनॉल यांचे नामकरण

हायड्रॉक्सिल (–ओएच) हा क्रियात्मक गट असलेल्या कार्बनी संयुगांना नावे देण्याची पद्धत. हा गट संपृक्त (फक्त एकेरी बंध असलेल्या) कार्बनला जोडलेला असेल तर संयुग अल्कोहोल ठरते. बेंझीनसारख्या ॲरोमॅटिक वलयातील कार्बनलाच जोडलेला असेल तर फिनॉल. वलय दिसले की फिनॉल, असे मात्र नाही. बेंझिल अल्कोहोलमध्ये वलय असूनही हायड्रॉक्सिल त्याबाहेरच्या कार्बनवर आहे, म्हणून त्याचे आययूपीएसी (रासायनिक नावे ठरवणारी आंतरराष्ट्रीय संघटना) नाव फेनिलमिथेनॉल.

मिथिल, इथिल अशा अल्किल गटापुढे ‘अल्कोहोल’ लावायची जुनी रीत छोट्या रेणूंना पुरते. पण चार कार्बनपाशीच समघटक (सूत्र एकच, रचना वेगळी अशी संयुगे) चार होतात आणि नॉर्मल, आयसो, सेकंडरी, टर्शरी अशी विशेषणे लावावी लागतात. १८९२ च्या जिनिव्हा परिषदेपासून रूढ झालेल्या पद्धतीत जनक अल्केनच्या (मिथेन, इथेन यांसारख्या संपृक्त हायड्रोकार्बनच्या) नावाला ‘ऑल’ हा प्रत्यय लागतो. हायड्रॉक्सिलधारी कार्बन ज्या शृंखलेत आहे तीच मुख्य शृंखला, आणि क्रमांक देताना त्या कार्बनला शक्य तितका लहान अंक. त्याच्यापुढे दुहेरी बंधाचाही हक्क दुय्यम: ॲलिल अल्कोहोल हे प्रोप-२-ईन-१-ऑल होते. टर्शरी ब्युटिल अल्कोहोल म्हणजे २-मिथिलप्रोपेन-२-ऑल. दोन हायड्रॉक्सिल असल्यास ‘डायऑल’. इथिलीन ग्लायकॉल हे इथेन-१,२-डायऑल. १९९३ च्या शिफारशींनी अंक प्रत्ययाला चिकटवला, म्हणून जुन्या बाटल्यांवरचे २-प्रोपेनॉल आता प्रोपेन-२-ऑल. सर्रास चालणारे ‘आयसोप्रोपेनॉल’ हे दोन पद्धतींची खिचडी आहे. आयसोप्रोपेन नावाचा अल्केनच नाही.

फिनॉलांच्या बाबतीत आययूपीएसीने तडजोड केली. ‘बेंझिनॉल’ न लादता ‘फिनॉल’ हेच जनक नाव ठेवले आणि हायड्रॉक्सिलच्या कार्बनला क्रमांक १ दिला. ऑर्थो-क्रेसॉल हे २-मिथिलफिनॉल. पिक्रिक आम्ल, नावात आम्ल असले तरी, २,४,६-ट्रायनायट्रोफिनॉल. दोन हायड्रॉक्सिल असलेले रिसॉर्सिनॉल मात्र बेंझीन-१,३-डायऑल.

थायमॉल आणि मेन्थॉल शेजारी ठेवले की फरक उघड दिसतो. कार्बनांचा सांगाडा एकच, पण थायमॉल ५-मिथिल-२-(प्रोपेन-२-इल)फिनॉल आहे, तर मेन्थॉलचे वलय संपृक्त असल्याने नावाचा शेवट सायक्लोहेक्झेन-१-ऑल असा होतो.

रेणूत कार्बोक्सिलिक आम्ल, आल्डिहाइड किंवा कीटोन गट असेल तर प्रत्ययाचा मान त्याला मिळतो आणि हायड्रॉक्सिल ‘हायड्रॉक्सी’ या उपसर्गावर येते. लॅक्टिक आम्ल त्यामुळे २-हायड्रॉक्सीप्रोपेनॉइक आम्ल, आणि सॅलिसिलिक आम्ल २-हायड्रॉक्सीबेंझॉइक आम्ल. फिनॉलचे गुण असूनही त्याच्या नावात फिनॉल येत नाही.