पवित्र शास्त्राची प्रेरणा, अधिकार आणि अर्थनिर्णय (ख्रिस्ती मत)

मराठी ख्रिस्ती आपल्या धर्मग्रंथाला ‘पवित्र शास्त्र’ म्हणतात. ‘बायबल’ हा शब्दही तितकाच रुळलेला आहे. हा ग्रंथ देवाकडून आला म्हणजे नेमके काय घडले (प्रेरणा), तो श्रद्धेला आणि आचरणाला कितपत बांधतो (अधिकार) आणि त्याचा अर्थ कोणी व कसा लावायचा (अर्थनिर्णय), या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत. सोलापुरात हे प्रश्न केवळ पुस्तकी राहत नाहीत. पारायण आणि निरूपणाची परंपरा जपणारे पंढरपूर याच जिल्ह्यात आहे, आणि शहरात मराठी, कन्नड, तेलुगू व उर्दू शेजारीशेजारी नांदतात. तुमचे बायबल वेदांसारखे की कुराणासारखे, असे शेजाऱ्याने विचारावे इतके ते इथे स्वाभाविक आहे.

ख्रिस्ती उत्तर असे की ते यांपैकी कोणासारखेच नाही. मीमांसकांच्या, म्हणजे वेदांचा अर्थ लावणाऱ्या तत्त्वज्ञांच्या, मते वेद अपौरुषेय आहेत, म्हणजे त्यांना कर्ताच नाही. मुस्लिम श्रद्धेनुसार कुराण अरबीत, शब्दशः अवतरले. पवित्र शास्त्राला मात्र कर्ते आहेत, आणि तेही दुहेरी: प्रत्येक पुस्तकामागे देव आहे, तसाच एक हाडामासाचा माणूसही आहे. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (3:16) शास्त्रासाठी जो ग्रीक शब्द येतो त्याचा अर्थ ‘देवाच्या श्वासातून आलेले’ असा होतो. मराठीत त्याचे ‘परमेश्वरप्रेरित’ झाले. पण हा श्वास लेखकाचे व्यक्तित्व पुसत नाही. येशूचे चरित्र लिहिणारा लूक सुरुवातीलाच सांगतो की त्याने सर्व गोष्टींचा मुळापासून शोध घेतला आणि मग क्रमवार लिहायला घेतले. प्रेषित पौल करिंथ शहरातल्या मंडळीला (तिथल्या ख्रिस्ती समूहाला) लिहिताना, मी तुमच्यापैकी फक्त क्रिस्प आणि गायस यांचाच बाप्तिस्मा केला असे म्हणतो; मग स्तेफनाच्या घरच्यांचाही केला हे त्याला आठवते, आणि आणखी कोणाचा केला असल्यास ठाऊक नाही, असे तो सरळ लिहून टाकतो. ही कबुली पुढच्या कोणीही खोडली नाही. प्रेरणा समजून घ्यायला मोठ्या सिद्धांतांपेक्षा हा छोटा उतारा जास्त उपयोगी आहे.

यिर्मयाच्या 36व्या अध्यायात तर एका पुस्तकाचा जन्मच पाहायला मिळतो. संदेष्टा यिर्मया तोंडाने सांगतो आणि त्याचा लेखनिक बारूख शाईने लिहितो. यहोयाकीम राजा ती गुंडाळी चाकूने कापून शेगडीत जाळतो. मग सगळे पुन्हा लिहिले जाते आणि त्यात आणखी वचनांची भर पडते.

अधिकाराचा प्रश्न 16व्या शतकात पेटला. 1521 मध्ये जर्मनीतल्या वर्म्सच्या सभेत धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने आपली सदसद्विवेकबुद्धी देवाच्या वचनाला बांधलेली आहे, असे सांगून माघार नाकारली. कॅथलिक चर्चने 1546 मध्ये ट्रेंटच्या परिषदेत शास्त्र आणि प्रेषितांपासून आलेली परंपरा यांना सारखाच आदर दिला. ग्रंथसंख्येतला फरकही तेव्हाच ठळक झाला: प्रॉटेस्टंट 66 पुस्तके मानतात, कॅथलिक 73. ऑर्थोडॉक्स चर्च शास्त्राला परंपरेच्या बाहेर काढून पाहतच नाही. पुढे 1965 च्या व्हॅटिकन परिषदेने देवाने आपल्या तारणासाठी जे सत्य नोंदवू इच्छिले ते शास्त्र निर्दोषपणे शिकवते, अशी मांडणी केली. तर 1978 मध्ये शिकागोत जमलेल्या इव्हँजेलिकल (शास्त्राच्या अधिकारावर विशेष भर देणाऱ्या प्रॉटेस्टंट) विद्वानांनी शास्त्रातली इतिहास आणि सृष्टी यांविषयीची विधानेही चुकीपासून मुक्त आहेत, असे ठामपणे म्हटले. सोलापुरात 19व्या शतकाच्या उत्तरार्धात काम सुरू करणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनचा वारसा आज चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामावला आहे. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात स्थापन झालेले हे चर्च शास्त्राला श्रद्धेचा सर्वोच्च व निर्णायक मापदंड मानते आणि प्राचीन मतांगिकारही (श्रद्धेची ठरीव विधानेही) स्वीकारते.

भाषांतराचा मुद्दा इथे टाळता येत नाही, कारण ख्रिस्ती धर्मात भाषांतर हे दुय्यम दर्जाचे शास्त्र नसते. येशू अरामी बोलत असे. त्याचे चरित्र सांगणारी शुभवर्तमाने ग्रीकमध्ये आहेत. म्हणजे त्याचे बोलणे आपल्यापर्यंत पोचले तेच मुळी भाषांतरित होऊन. ‘तलीथा कूम’ (मुली, ऊठ) यांसारखे मोजके शब्द तेवढे मूळ उच्चारासह उरले. शुभवर्तमानकार योहान म्हणतो की शब्द, म्हणजे ख्रिस्त, देही झाला. शब्द पुस्तक झाला असे तो म्हणत नाही. म्हणून कुठलीही एक भाषा पवित्र ठरत नाही, आणि सोलापुरात मराठी, कन्नड किंवा तेलुगू बायबल वाचणारा माणूस देवाचेच वचन वाचत असतो. मराठी नवा करार 1811 मध्ये मिशनरी विल्यम केरी यांच्या देखरेखीखाली बंगालमधल्या श्रीरामपूरहून (सेरामपूर) निघाला; संपूर्ण मराठी बायबल त्यानंतर आले. पुणे–सोलापूर रेल्वेमार्गावरच्या केडगावात पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्यासुध्या बायकांना कळेल अशा मराठीत सगळे शास्त्र आणले. 1922 मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा हे काम हातावेगळे होत होते. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतचे कष्ट त्यांच्याच मुक्ती मिशनमधल्या स्त्रियांनी केले. मराठीतल्या शास्त्रकार्यात याहून मोठे पान मला दिसत नाही.

अर्थ लावण्याच्या पद्धती अनेक आहेत. प्राचीन अलेक्झांड्रियात रूपकार्थ शोधण्याकडे ओढा होता, अंत्युखियात सरळ, ऐतिहासिक अर्थाकडे. आधुनिक काळात लेखनाचा काळ, प्रकार आणि मूळ वाचक तपासले जातात. बहुतेक मंडळ्यांना मान्य असा नियम म्हणजे शास्त्राने शास्त्राचा अर्थ लावावा, आणि सगळ्याचा रोख ख्रिस्ताकडे पाहून ठरवावा. करिंथकरांच्या पहिल्या पत्रात 14व्या अध्यायात स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावे असे आहे. त्याच पत्राच्या 11व्या अध्यायात प्रार्थना करणाऱ्या आणि संदेश देणाऱ्या स्त्रिया आहेत. केवळ पहिले वचन उचलणारा शास्त्राचा मान राखत नाही. चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आज स्त्रियाही पाळक होतात, त्यामागे असे समग्र वाचन आहे.

वाचणारा कुठे उभा आहे, यानेही अर्थ उजळतो. दलित ईशज्ञानाची (दलितांच्या अनुभवातून मांडलेल्या ख्रिस्ती धर्मविचाराची) पायाभरणी करणारे अरविंद निर्मळ यांनी जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 26व्या अध्यायातली कबुली दलित ख्रिस्ती माणसाची कबुली म्हणून वाचली: पूर्वज भटका अरामी, मग मिसरातली गुलामी, आणि आक्रोश ऐकणारा देव. सोलापुरात ब्रिटिश सरकारने ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींना कुंपणाच्या आत कोंडणारी सेटलमेंट होती. त्यामागचा गुन्हेगार जमाती कायदा 1952 मध्ये रद्द झाला. त्या शहरात ‘माझा पूर्वज भटका होता’ हे शब्द उपासनेत मोठ्याने वाचले जातात तेव्हा ‘भटका’ म्हणजे काय, हे टिपेत पाहावे लागत नाही.