लिपिड बायोमार्कर वापरून टीबीचा जिवाणूभार मोजणं

टीबीच्या रुग्णाच्या थुंकीत जंतू किती आहेत याचा अंदाज, ते वाढवत न बसता, त्यांच्या कवचातली मेणचट द्रव्यं, म्हणजे लिपिडं, मोजून घ्यायची ही पद्धत. स्लाइडवर जंतू दिसायला एका मिलिलिटरमध्ये साधारण ५,००० ते १०,००० तरी लागतात, कल्चरला, म्हणजे जंतू प्रयोगशाळेत वाढवून बघायला, कित्येक आठवडे जातात आणि त्यात दुसरे जंतू वाढले की सगळं वाया, म्हणून ही वाट शोधली गेली.

सुरुवात कुठून धरायची? बरेचदा १९२० च्या दशकाच्या शेवटी येल विद्यापीठात रसायनशास्त्रज्ञ अँडरसन यांच्या प्रयोगशाळेत क्षयजंतूतलं ट्युबरक्युलोस्टिअरिक आम्ल हे मेदाम्ल मिळालं तिथून धरतात. पण ते जंतूचं रसायनशास्त्र होतं, रुग्णाची तपासणी नव्हे. १९७९ मध्ये हेच आम्ल मास स्पेक्ट्रोमेट्रीने (रेणू वजनावरून ओळखण्याच्या तंत्राने) रुग्णांच्या थुंकीत दाखवलं गेलं, ती सुरुवात मानणं जास्त बरोबर वाटतं. अडचण एवढीच की हे आम्ल नोकार्डियासारख्या नात्यातल्या जंतूंतही असतं. ट्युबरक्युलोसिनिल अ‍ॅडेनोसिन हे दुसरं लिपिड मात्र जवळजवळ फक्त मानवी क्षयजंतूच बनवतो, टीबीच्या बीसीजी लशीतल्या जंतूतसुद्धा ते नसतं.

खरा वाद आहे तो मोजलेल्या आकड्याचा अर्थ काय यावर. लिपिड जंतू मेल्यावर लगेच नाहीसं होत नाही, कवचातली मायकोलिक आम्लं ही लांबलचक मेदाम्लं तर इतकी टिकाऊ की जुन्या सांगाड्यांमधल्या टीबीचा पुरावा म्हणूनही ती शोधली जातात, म्हणजे उपचार चालू असताना आकडा हळू उतरला तर औषध कमी पडतंय की मेलेल्या जंतूंची कवचं अजून बाहेर पडतायत हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही. डीएनए तपासणीतही हाच घोळ आहे. शिवाय दर जंतूमागे लिपिड सारखं नसतं, सुप्त जंतू पोटात चरबी साठवतात, आणि प्रयोगशाळेत वाढवता वाढवता काही वाण पीडीआयएम हे लिपिड चक्क गमावून बसतात. त्यामुळे ‘इतकं लिपिड म्हणजे इतके जंतू’ असं थेट गणित मांडू नये, एकाच रुग्णात वेळोवेळी होणारा उतार बघावा, हे मत जास्त पटतं.

त्या कामासाठी थुंकीतलं लायपोअ‍ॅराबिनोमॅनन, म्हणजे लॅम, हे जंतूच्या कवचातलं साखर जोडलेलं लिपिड सध्या पुढे आहे, कारण उपचाराच्या पहिल्या १४ दिवसांतही त्याची घट दिसते. लघवीतल्या लॅमची पट्टी वेगळी, ती निदानासाठी आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये एचआयव्ही असलेल्या काही रुग्णांपुरती सुचवली, २०१९ मध्ये ती मर्यादा सैल केली.