इंग्रजीचे शिक्षक : मातृभाषक व अमातृभाषक (ठाणे–नवी मुंबई)

इंग्रजी ही ज्यांची लहानपणापासूनची घरची भाषा, ते मातृभाषक शिक्षक; ज्यांनी ती पुढे शिकून घेतली, ते अमातृभाषक. इंग्रजीच्या अध्यापनशास्त्रात ही विभागणी रूढ आहे. ठाणे आणि नवी मुंबईत पहिल्या प्रकारचा शिक्षक शोधावाच लागतो. नौपाड्यातली मराठी शाळा असो की खारघरमधली ‘इंटरनॅशनल’ पाटीची, इंग्रजीच्या बाईंच्या घरी मराठी, मल्याळम, तमिळ, कोंकणी असेच काही बोलले जाते. तरी पालकांच्या मनातला आदर्श मात्र गोऱ्या साहेबाचा असतो आणि बाईंचे मोजमाप त्यावरून होते.

या समजाला संस्थात्मक वजन मिळाले ते १९६१ मध्ये युगांडातील मकेरेरे येथे इंग्रजीच्या अध्यापनावर भरलेल्या राष्ट्रकुल परिषदेत. इंग्रजी फक्त इंग्रजीतूनच शिकवावी आणि आदर्श शिक्षक मातृभाषकच, हे विचार तिथून पसरले. भाषाभ्यासक रॉबर्ट फिलिप्सन यांनी १९९२ मध्ये हा समज निराधार असल्याचे दाखवले. स्वतः अमातृभाषक असलेले हंगेरीचे इंग्रजी अध्यापनतज्ज्ञ पीटर मेद्येश यांनी पुढे मांडले की दोन्ही प्रकारचे शिक्षक वेगळ्या रीतीने शिकवतात, पण सारखेच यशस्वी होऊ शकतात. नोकरभरतीत मात्र भेद टिकून आहे. दक्षिण कोरियाचा इंग्रजी शिक्षकांसाठीचा ई-२ व्हिसा सर्वसाधारणपणे अमेरिका, ब्रिटन, कॅनडा अशा मोजक्या सात देशांच्या नागरिकांनाच मिळतो; भारत त्या सात देशांत नाही.

मराठी शिक्षकाचे खरे बळ चुकांच्या मुळाशी आहे. मुलगा ‘क्लोज द लाइट’ म्हणतो, कारण मराठीत दार, दुकान आणि दिवा सगळेच ‘बंद’ होते. ‘मी इथे दोन वर्षांपासून राहतो’ या वाक्यातून ‘आय ॲम स्टेइंग हिअर सिन्स टू इयर्स’ उतरते; मराठीचा साधा वर्तमानकाळ जे काम बिनबोभाट करतो, त्यासाठी इंग्रजीला वेगळी रचना लागते. ‘तो म्हणाला की मी येतो’ हे मराठीत सरळ, पण तसेच नेले तर इंग्रजीत येणारा माणूसच बदलतो. ‘ए’ आणि ‘द’ कुठे लावायचे, हे तर मराठी मुलाला शेवटपर्यंत छळते. लंडनहून आलेल्या शिक्षकाला यातली प्रत्येक चूक ऐकू येईल. ती का झाली, हे मराठी येत नसेल तर कळणे कठीण.

अर्थात मराठी येते म्हणून कोणी चांगला शिक्षक ठरत नाही. धड्याची ओळ वाचायची, तिचे मराठी सांगायचे, प्रश्नोत्तरे फळ्यावर उतरवायची, ही पद्धत अनेक वर्गांत चालते आणि तिथे मुलाच्या तोंडून इंग्रजी वाक्य क्वचितच निघते. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आली, पण स्वतः पाचवीपासून इंग्रजी शिकलेल्या अनेक शिक्षकांना ती अंगावर घ्यावी लागली. उच्चारांचेही तेच. मराठीत एकच ‘व’ असल्याने इंग्रजीतले ‘v’ आणि ‘w’ हे दोन वेगळे ध्वनी बाईंकडूनच एक होऊन मुलांपर्यंत पोहोचतात.

‘फाडफाड इंग्रजी’ची हमी देणारे क्लासेस स्टेशनाबाहेर इंग्रजी बोलता न येण्याच्या भीतीवर चालतात. ऐरोली–महापे पट्ट्यातील कॉल सेंटरांनी तर उच्चार घासूनपुसून घेण्याचे वेगळे प्रशिक्षणच आणले. ते देणारेही बहुतेक इथलेच. परदेशी ग्राहकाला समजेल असे बोलायला त्यांनी शिकवले, यातच मकेरेरेच्या सिद्धांताची पुरेशी हजेरी घेतली गेली.

मातृभाषक नेमका कोण, हाही प्रश्न आहे. २०११ च्या जनगणनेत भारतात सुमारे २.६ लाख लोकांनी इंग्रजी मातृभाषा नोंदवली आणि त्यांत सर्वाधिक महाराष्ट्रातले होते. भाषावैज्ञानिक ब्रज काचरू यांच्या मांडणीत भारत इंग्रजीच्या ‘बाह्य वर्तुळात’, म्हणजे इंग्रजी दुसरी भाषा म्हणून वापरणाऱ्या देशांत, येतो. पण घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये आई तमिळ, वडील मराठी आणि घरात केवळ इंग्रजी, असे वाढलेले मूल उद्या शिक्षक झाले, तर त्याला अमातृभाषक म्हणणे अवघडच जाईल.