एमडी-पीएचडीचा अर्ज: मेंदूवर रिसर्च पण करायचाय आणि खेड्यात प्रॅक्टिस पण

अमेरिकेत डॉक्टर आणि संशोधक दोन्ही व्हायचं तर एमडी-पीएचडी हा सरळ रस्ता, म्हणजे डॉक्टरकीची पहिली डिग्री (तिकडे तिलाच एमडी म्हणतात) आणि पीएचडी एकाच प्रोग्राममध्ये. साधारण आठ वर्षं जातात, आधी मेडिकलची दोन, मग लॅबमध्ये तीन-चार किंवा जास्तच, आणि मग परत वॉर्डात. एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेची अशा प्रोग्रामसाठीची एमएसटीपी ग्रँट १९६४ पासून आहे, ती असलेल्या प्रोग्राममध्ये सहसा फी माफ आणि वर स्टायपेंड.

पात्रतेत पहिली अडचण नागरिकत्वाची. हा पैसा सरकारी, त्यामुळे तो सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाल्यांनाच मिळतो. एफ-१ म्हणजे स्टुडंट व्हिसावर असाल तर स्वतःच्या फंडातून सीट देणारे मोजकेच प्रोग्राम आहेत, तेव्हा आधी त्यांची यादी काढा, बाकी सगळं नंतर. डिग्री बाहेरच्या देशातली असेल तर बऱ्याच स्कूलना अमेरिकेत किंवा कॅनडात केलेले काही कोर्स लागतात.

अर्ज एएमकॅसवर, म्हणजे मेडिकल स्कूलांच्या सामायिक ऑनलाइन अर्जाच्या पोर्टलवर. मे मध्ये पोर्टल उघडतं, सबमिट मे अखेर किंवा जूनपासून. एमकॅट या प्रवेश परीक्षेचा स्कोअर, प्रत्येक कॉलेजची ट्रान्सक्रिप्ट (अधिकृत गुणपत्रिका), शिफारसपत्रं (ज्यांच्या लॅबमध्ये काम केलंत त्यांचं पत्र हवंच) आणि जास्तीत जास्त १५ ॲक्टिव्हिटी, त्यातल्या तीन ठळक.

खरी मेहनत निबंधांत. नेहमीचा ५,३०० कॅरेक्टरचा असतोच, शिवाय दोन जास्तीचे: एमडी-पीएचडी का, हा ३,००० चा, आणि रिसर्चचा १०,००० चा. इथे बरेच जण गडबडतात, रिसर्चच्या निबंधात नुसते न्यूरॉन आणि शेवटच्या ओळीत 'मला ग्रामीण भागात सेवा करायचीय' असं चिकटवून देतात, वाचणाऱ्याला ते लगेच कळतं. त्यापेक्षा प्रश्नच एक ठेवा. स्ट्रोकमध्ये गुठळी विरघळवायचं औषध साधारण साडेचार तासांत द्यावं लागतं, आणि लहान गावातल्या हॉस्पिटलात सीटी मशीन असलं तरी न्यूरॉलॉजिस्ट बहुतेक नसतोच, मग मेंदूची पेशी तेवढा वेळ कशी तगवायची, हा लॅबचाही प्रश्न झाला आणि गावाचाही. लॅबमध्ये तुम्ही स्वतः काय केलंत, काय फसलं, ते मात्र सविस्तर लिहा, पेपर छापून आलेलाच पाहिजे असं काही नाही.

स्कूल निवडताना ग्रामीण ट्रॅक बघा. मिनेसोटा युनिव्हर्सिटीच्या आरपॅप या ग्रामीण प्रोग्राममध्ये १९७१ पासून तिसऱ्या वर्षाचे विद्यार्थी नऊ महिने छोट्या गावात राहून शिकतात. सिॲटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनचा वामी हा प्रोग्राम वायोमिंग, अलास्का, मोन्टाना, आयडाहोपर्यंत पसरलाय. दोन्हीकडे एमडी-पीएचडीही आहे, पण पीएचडी आणि ग्रामीण ट्रॅक एकत्र जमतं असं गृहीत धरू नका. पीएचडी संपवून तुम्ही परत येता तेव्हा तुमची बॅच कधीच पुढे गेलेली असते, त्यावेळी ग्रामीण ट्रॅकमध्ये जागा मिळेल का, हे इंटरव्ह्यूत विचारायला लाजू नका, आणि उत्तर ईमेलवर घ्या.

आणि ट्रान्सक्रिप्ट आजच मागवा, पत्रं मागाहून आली तरी चालतात पण ट्रान्सक्रिप्टशिवाय एएमकॅसकडून अर्जाचं व्हेरिफिकेशनच सुरू होत नाही आणि जूनमध्ये रांग लांबलचक असते.