एईएस-२५६ ठीक आहे, पण किल्ली कुठून आली?

बॅकअप किंवा डेटाबेसचं सॉफ्टवेअर विकणाऱ्यांच्या माहितीपत्रकात हल्ली एक ओळ हमखास सापडते: ‘मिलिटरी ग्रेड एईएस-२५६ एन्क्रिप्शन’. ही ओळ वाचली की माझी चिडचिड होते. एईएस, म्हणजे किल्लीच्या मदतीने मजकूर वाचता न येणाऱ्या रूपात बदलण्याची (एन्क्रिप्शनची) पद्धत, उत्तम आहे, यात वाद नाही. योआन डामेन आणि व्हिन्सेंट रेमेन या दोन बेल्जियन तज्ज्ञांनी ते रचलं, १५ स्पर्धकांतून ते निवडलं गेलं आणि २००१ मध्ये निस्ट या अमेरिकेच्या मानकसंस्थेने त्याला मानकाचा दर्जा दिला. त्यानंतर आजवर कुणालाही ते व्यवहारात फोडता आलेलं नाही. पण ते सगळ्यांना फुकट उपलब्ध आहे, तुमच्या मोबाइलमध्येही तेच चालतं. लष्करासाठी वेगळं असं त्यात काही नाही. कुलूप पक्कं आहेच, प्रश्न किल्लीचा आहे. ती २५६ बिटांची, म्हणजे २५६ शून्य-एकांची, किल्ली कुणी, कशातून तयार केली?

अमेरिकन सरकारचं एन्क्रिप्शनविषयीचं फिप्स १४० हे मानक नेमकं इथे कडक होतं. १९९४ मध्ये पहिली आवृत्ती आली, २००१ मध्ये १४०-२ आणि २०१९ मध्ये १४०-३. सरकारी खात्यांची संवेदनशील माहिती सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमधला एन्क्रिप्शनचा गाभा, म्हणजे मॉड्यूल, मान्यताप्राप्त स्वतंत्र प्रयोगशाळेत तपासून घ्यावा लागतो. मग निस्ट आणि कॅनडाची सायबरसुरक्षा संस्था मिळून प्रमाणपत्र देतात. ज्याला प्रमाणपत्र नाही अशा एन्क्रिप्शनने शून्य संरक्षण मिळतं, माहिती उघड्यावरच आहे, असं निस्ट धरते. भारतातही याचे पडसाद आहेत. सीएंच्या टेबलावर दिसणारं डिजिटल सहीचं यूएसबी टोकन फिप्स १४०-२ च्या दुसऱ्या पातळीचं हवं, अशी अट आपल्याकडे घातली गेली. परदेशी ग्राहकांसाठी डेटा साठवणीची सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या पुण्यातल्या इंजिनिअरांच्या बोलण्यातही ‘फिप्स’ हा शब्द चांगलाच रुळला आहे.

प्रमाणित मॉड्यूल वापरात येण्याआधी स्वतःची परीक्षा घेतं. ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असा मजकूर, ठरलेल्या किल्लीने, ते एन्क्रिप्ट करतं आणि आलेलं उत्तर आत साठवलेल्या उत्तराशी ताडून बघतं. एका बिटाचा जरी फरक पडला तरी काम बंद. ही अक्षरशः शितावरून भाताची परीक्षा आहे, आणि इथे ती चालते, कारण एईएसला तीच किल्ली आणि तोच मजकूर दिला की दरवेळी तेच उत्तर यायला हवं.

किल्ली मात्र रँडम, म्हणजे आधी सांगता न येणाऱ्या, आकड्यांतून बनते, आणि त्यांची अशी परीक्षा घेताच येत नाही, कारण तिथे बरोबर उत्तर नावाची गोष्टच नसते. बरं, शून्य आणि एक सारख्या प्रमाणात आहेत का, ठरावीक नक्षी दिसते का, असं संख्याशास्त्राने तपासावं, तर तेही अपुरं पडतं. १, २, ३, ४ असे साधे आकडे घ्या आणि प्रत्येकावर एसएचए-२५६ हे हॅश-सूत्र, म्हणजे कुठल्याही मजकुराचा ठरावीक लांबीचा विस्कटलेला ठसा काढणारी कृती, चालवा. येणारे बिट नेहमीच्या संख्याशास्त्रीय चाचण्या आरामात पार करतील. पण कृती माहीत असलेल्या माणसाला पुढचा प्रत्येक बिट आधीच सांगता येईल. म्हणून निस्टचं ८००-९०बी हे २०१८ चं मार्गदर्शक थेट उगमाकडे जातं. बिट कुठल्या भौतिक घडामोडीतून येतात? विद्युतमंडलातल्या उष्णतेच्या कोलाहलातून? दोन घड्याळांच्या सूक्ष्म थरथरीतून? आणि त्यात खरी अनिश्चितता किती?

ही अनिश्चितता मोजण्याची पद्धत मला फार आवडते. समजा एक नाणं वाकडं आहे आणि चारांतल्या तीन वेळा छापा पडतो. माहितीशास्त्रातलं नेहमीचं सरासरी माप सांगतं की प्रत्येक फेकीत ०.८१ बिट अनिश्चितता आहे. पण चोर सरासरीने वागत नाही, सर्वात संभाव्य अंदाज तो आधी लावतो. म्हणून इथे किमान एन्ट्रॉपी (एन्ट्रॉपी म्हणजे अनिश्चितता) हे माप घेतात: सर्वात संभाव्य निकालाची शक्यता घ्यायची आणि २ या पायाने तिचा ऋण लॉगॅरिदम काढायचा. पाऊण शक्यतेसाठी हे उत्तर ०.४१५ येतं, म्हणजे सरासरी मापाच्या जवळपास निम्मं. अशा नाण्याच्या १२८ फेकींतून केलेल्या किल्लीत १२८ बिटांची नव्हे, फक्त ५३ बिटांची ताकद असते. खरे १२८ बिट हवे असतील तर ३०९ फेकी गोळा करून, त्या हॅशमधून गाळून घ्याव्या लागतात.

उगमावर सतत पहाराही हवा. प्रत्येक नमुन्यात एक बिट एन्ट्रॉपी आहे असा दावा असेल आणि चुकीचा इशारा साधारण दहा लाखांत एकदाच चालणार असेल, तर एकच किंमत सलग २१ वेळा आली की उगम बिघडला असं समजून धोक्याची सूचना द्यायची.

जन्मतारखेवरून ‘भाग्यांक’ काढून देणाऱ्यांचा आपल्याकडे मोठा धंदा आहे, आणि लोक तो पासवर्डातही वापरतात. तारखेवरून काढलेल्या आकड्यात तारीख माहीत असणाऱ्यासाठी एकाही बिटाची अनिश्चितता उरत नाही. भाग्याशी त्याचा संबंध नाहीच, आणि सुरक्षेसाठी तर तो घातक आहे.

उगम कमकुवत असला की काय होतं हे समजायला शाळेतला मसावि पुरतो. आरएसए या एन्क्रिप्शन पद्धतीत दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार जाहीर करतात आणि त्या दोन संख्या गुप्त ठेवतात. आता एका यंत्राने ७ आणि ११ निवडून ७७ जाहीर केले, दुसऱ्याने ११ आणि १३ निवडून १४३. दोन्ही जाहीर संख्यांचा मसावि काढा: ११. दोन्ही कुलपं एकदम उघडली! संख्या शेकडो अंकी असल्या तरी मसावि काढायची युक्लिडची कृती तितकीच सोपी राहते. २०१२ मध्ये नादिया हेनिंगर आणि सहकाऱ्यांनी इंटरनेटवरच्या लक्षावधी जाहीर किल्ल्यांवर नेमकं हेच केलं. सुरक्षित वेब-जोडणी देणाऱ्या संगणकांपैकी ०.५ टक्क्यांच्या गुप्त किल्ल्या त्यांच्या हाती लागल्या. बहुतेक दोषी होती राउटरसारखी छोटी उपकरणं. पहिल्यांदा चालू होताच ती किल्ली बनवत, तेव्हा त्यांच्याकडे अनिश्चितता जवळजवळ नसेच. डिस्कच्या एकाच तयार नकलेवरून (इमेजवरून) शंभर आभासी सर्व्हर उभे करणाऱ्या डेटा-सॉफ्टवेअरलाही हाच धोका असतो.

प्रमाणपत्र असलं म्हणून निर्धास्त राहावं असंही नाही. २०१९ च्या जूनमध्ये युबिको कंपनीने तिच्या युबिकी फिप्स मालिकेतल्या काही टोकनांमधला दोष जाहीर केला. चालू होताच टोकन स्वतःची परीक्षा घेई आणि त्या परीक्षेतला ठरलेला मजकूर रँडम आकड्यांच्या साठ्यात मागे राही. त्यामुळे चालू झाल्यावरचे पहिले आकडे अंशतः आधीच ठरलेले असत. ईसीडीएसए प्रकारच्या डिजिटल सहीत २५६ बिटांच्या गुप्त आकड्यातले ८० पर्यंत बिट स्थिर राहत, आणि अशा काही सह्या मिळाल्या तर गुप्त किल्ली काढता येणं शक्य होतं. मानकाने सांगितलेल्या चाचणीनेच किल्ली दुबळी केली! कंपनीने टोकनं बदलून दिली.

रोजच्या कामात इंजिनिअरांना वेगळाच त्रास होतो. लिनक्स ‘फिप्स मोड’मध्ये चालवलं की एमडी५ सारखी जुनी हॅश-सूत्रं नाकारली जातात. डेटा सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एमडी५ ठिकठिकाणी असतं, तेही बरेचदा सुरक्षेसाठी नव्हे, दोन फाइली सारख्या आहेत का एवढं बघायला. मोड चालू करताच असा कोड कोसळतो. ‘हा वापर सुरक्षेसाठी नाही’ असं सांगण्याची सोय पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेने ३.९ या आवृत्तीत दिली, ती यासाठीच. शिवाय प्रमाणपत्र एका विशिष्ट आवृत्तीला मिळतं. त्रुटी दुरुस्त केली की नवी आवृत्ती होते आणि जुनं प्रमाणपत्र तिला लागू पडत नाही. म्हणजे सुरक्षित कोड की प्रमाणित कोड, असा पेच ग्राहकापुढे उभा राहतो. ही या मानकाची खरी उणीव आहे आणि ती दूर व्हायलाच हवी.

१४०-२ ची प्रमाणपत्रं २१ सप्टेंबर २०२६ पर्यंतच सक्रिय यादीत ठेवायची, असं निस्टने ठरवलं आहे. त्यामुळे विक्रेते ‘आम्ही फिप्सशी सुसंगत आहोत’ असं सांगू लागले, तर ‘सुसंगत’वर समाधान मानू नका. प्रमाणपत्राचा क्रमांक मागा, निस्टची यादी सर्वांना खुली आहे, आणि तिथली आवृत्ती तुमच्या सर्व्हरवरच्या आवृत्तीशी जुळते का ते पाहा. २०२२ पासून एन्ट्रॉपीच्या उगमांनाही निस्ट वेगळं प्रमाणपत्र देते. तोही क्रमांक विचारा.