कुजलेल्या फळीत एपॉक्सी ओतून भागत नाही

पैठणला नाथसागराच्या काठी जुनी फायबरची होडी घेणाऱ्याला हमखास एक सल्ला मिळतो: मागची, इंजिन टांगायची फळी मऊ लागली तर भोकं पाड, पातळ एपॉक्सी (दोन भाग मिसळल्यावर घट्ट होणारी राळ) ओत, लाकूड दगडासारखं होतं. होत नाही.

ही फळी म्हणजे फायबरच्या दोन थरांत कोंडलेलं प्लायवूड, आणि मऊ लागतं तेव्हा ते ओलं असतं. ओल्या लाकडात एपॉक्सी मुरत नाही. भोकाभोवतीच अडकून बसतं आणि पलीकडे बुरशी चालूच राहते. हातोडीने ठोकून बघा: भोकाजवळ टणटण, वीतभर बाजूला भद्द. आणि इंजिनाचा सगळा जोर याच फळीवर.

‘आपलं पाणी गोडं, इथं काय कुजणार?’ हेही उलटंच. बुरशीला खाऱ्यापेक्षा गोडं पाणी मानवतं. आत झिरपतं त्यात पावसाचं पाणीही आलंच, उघड्या स्क्रूंच्या भोकांतून.

खरा उपाय कटकटीचा आहे. आतला फायबरचा थर कापायचा, टणक लाकूड लागेपर्यंत कुजका भाग खरवडायचा, उरलेलं पूर्ण वाळू द्यायचं. मग आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) मार्कचं मरीन प्लाय दाट एपॉक्सीत बसवून वर नवा थर चढवायचा. इंजिनाच्या बोल्टांची भोकं आधी मोठी पाडून एपॉक्सीने भरा, सुकल्यावर त्यातूनच मापाची पाडा. ही पायरी बहुतेक जण गाळतात.